दात्याचे गाव, कराचे गाव

२२ एप्रिल १९३० रोजी अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यात, पाँका सिटी नावाच्या सोळा हजार वस्तीच्या गावात, चाळीस हजारांच्या आसपास माणसे गोळा झाली होती. निमित्त एका पुतळ्याच्या अनावरणाचे. डोक्यावर उन्हाचे टोपडे, एका हाताशी लहानगा मुलगा, दुसऱ्या हातात बायबल, नजर समोरच्या माळावर आणि पाऊल पुढे टाकलेले, अशी सतरा फुटी ब्राँझची बाई. नाव ‘पायोनियर वुमन’. बारा शिल्पकारांकडून नमुने मागवले होते, ते शहरोशहरी फिरवून लोकांची पसंती घेतली होती. त्या काळचा अत्यंत लोकप्रिय विनोदी वक्ता विल रॉजर्स बोलायला आला होता. पुतळ्याचा सुमारे तीन लाख डॉलरचा खर्च एकाच माणसाने उचलला होता. तो म्हणजे तेलवाला अर्नेस्ट व्हिटवर्थ मार्लंड. पडदा सरकला त्या दिवशी मात्र दात्याची संपत्ती हातची गेलेली होती. स्वतः उभ्या केलेल्या कंपनीतून त्याला बाहेर पडून वर्ष उलटले होते आणि कंपनीच्या पाटीवरून त्याचे नावही उतरले होते.

मार्लंडची गोष्ट सहसा दोन सुरांत सांगितली जाते. एका सुरात तो कर्णाचा अवतार असतो: मजुरांना घरे दिली, गावाला बागा दिल्या, शेवटी राज्याचा गव्हर्नर झाला आणि निर्धन होऊन मेला. दुसऱ्या सुरात तो उधळ्या असतो: पोलो खेळला, राजवाडा बांधला आणि वॉल स्ट्रीटच्या सावकारांच्या तावडीत सापडला. दोन्ही सुरांत चर्चा होते ती त्याच्या स्वभावाची. माझ्या मते स्वभाव हा येथे दुय्यम मुद्दा आहे. दाता चांगला की वाईट हा प्रश्न गावाच्या उपयोगाचा नाही. दात्याचा हात आखडला की गावाच्या हाती काय उरते, हा गावाचा खरा प्रश्न. आणि मार्लंडच्या आयुष्याकडे या बाजूने पाहिले तर एक विलक्षण गोष्ट दिसते. त्याने पैसे टाकून उभे केलेले बरेच काही विकले गेले, मोडले किंवा दुसऱ्याच्या नावावर गेले. पण एक दमडीही पदरी नसताना, राजकारणात राहून त्याने जो एक नियम घडवून आणला, तो आजही चालू आहे.

मार्लंडचा जन्म १८७४ चा, पिट्सबर्गचा. बाप लोखंडाच्या धंद्यातला, मूळ इंग्लंडचा. मुलगा साहेबी वळणाचा निघावा म्हणून त्याने पोराला टेनेसीतल्या रग्बी नावाच्या इंग्रजी वसाहतीत शिकायला धाडले. पुढे मिशिगन विद्यापीठातून वकिलीची पदवी, मग कोळसा, मग तेल. पहिली दौलत त्याने वेस्ट व्हर्जिनियात कमावली आणि १९०७ च्या आर्थिक गडबडीत ती साफ बुडाली. पुढच्याच वर्षी तो ओक्लाहोमात आला. मिलर बंधूंच्या ‘१०१ रँच’ या अवाढव्य कुरणावर फिरताना त्याला जमिनीचे थर वर उचलले गेल्याच्या खुणा दिसल्या. ओहोळ आणि अंदाज पाहून विहीर खणायची, असा रिवाज असलेल्या त्या काळात भूगर्भशास्त्रज्ञांना पगारावर ठेवणाऱ्या मोजक्या तेलवाल्यांत तो होता. १९११ साली तेल लागले. १९२० साली बर्बँकचे मोठे क्षेत्र सापडले. एकेकाळी जगातल्या तेलाचा दहावा हिस्सा त्याच्या ताब्यात होता, असे आजही सांगतात. आकडा कदाचित भक्तांनी फुगवला असेल; पण कंपनी मोठी होती यात शंका नाही.

या पैशाचे त्याने काय केले, हे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. ग्रँड अव्हेन्यूवर १९१६ साली त्याने पहिले मोठे घर बांधले आणि त्याच्या भोवतीच्या बागा गावाला मोकळ्या ठेवल्या. गोल्फचे मैदान केले, ते गावकऱ्यांना खेळायला दिले. कंपनीच्या कामगाराला घर बांधायला कर्ज, आजारी पडला तर डॉक्टर, दात दुखला तर दंतवैद्य, शिवाय कंपनीचे शेअर. युद्धात मेलेल्या सैनिकांच्या मुलांसाठी वसतिगृह. अमेरिकेत सरकारी निवृत्तिवेतन येण्याच्या कितीतरी आधी हे चालले होते. त्याच हाताने त्याने माळरानावर पोलोचे सामने भरवले आणि शिकारीच्या हौसेपायी कोल्हेही बाहेरून आणून सोडले. तेल उपसणाऱ्या गावात लाल कोट घालून घोड्यावरून कोल्ह्यामागे धावणारे कारकून, हे दृश्य हास्यास्पद खरे. पण त्यात ढोंग नव्हते. त्याला मनापासून वाटत होते की इंग्लंडातला जमीनदार जसा आपल्या रयतेला सांभाळतो तसे आपण या गावाला सांभाळावे. चांगले धनी आणि सुखी रयत, हे त्याचे स्वप्न होते. अडचण त्या स्वप्नातच होती. रयतेला मागता येते, विचारता येत नाही.

पहिला विचारायचा प्रश्न हा की पैसा कोणाचा? पाँका सिटी हे नाव ज्या पाँका या मूळनिवासी लोकांवरून पडले, ते मूळचे नेब्रास्काचे. १८७७ साली सरकारने त्यांना जबरदस्तीने दक्षिणेला हलवले. वाटेत आणि पोहोचल्यावर माणसे पटापट मेली. मुलाचे प्रेत मायभूमीत पुरायला निघालेला त्यांचा प्रमुख स्टँडिंग बेअर पकडला गेला, आणि १८७९ साली ओमाहाच्या न्यायालयात न्यायाधीश डंडी यांना असा निकाल द्यावा लागला की कायद्याच्या दृष्टीने इंडियन हाही ‘व्यक्ती’ आहे. ज्या जमिनीवर या लोकांना आणून टाकले, तिच्याच पोटात तेल निघाले. १९११ ची ती विहीर विली क्राइज-फॉर-वॉर या पाँका माणसाच्या वाट्याच्या जमिनीवर होती आणि जवळच्या टेकडीवर टोळीचे मृत विसावले होते. वृद्ध प्रमुख व्हाइट ईगलने, यातून तुझेही वाईट होईल आणि आमचेही, असे मार्लंडला बजावले होते, अशी आख्यायिका तिकडे सांगतात. शाप खरा की खोटा हा वाद सोडून देऊ. रॉयल्टीचा ठरलेला हिस्सा गेल्यावर उरलेला मोठा वाटा तेलवाल्याचा, आणि त्या वाट्यातून गावाला बाग. पुतळा उभारताना ब्राँझ झाली ती सरकारने खुली केलेली जमीन बळकावायला १८८९ आणि १८९३ मध्ये झालेल्या धावेत घोडागाड्या हाकत आलेल्या गोऱ्या बाईची. जिच्या खालची जमीन धावेसाठी मोकळी करण्यात आली, त्या बाईला बारा नमुन्यांत जागा नव्हती. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणे म्हणतात ते हेच.

शेजारच्या ओसेज लोकांची गोष्ट याला उलटा छेद देते. मार्टिन स्कॉर्सेसीच्या ‘किलर्स ऑफ द फ्लॉवर मून’ या चित्रपटामुळे ती आपल्याकडेही पोहोचली आहे. १९०६ च्या कायद्याने जमिनीचे तुकडे वाटले गेले, पण जमिनीखालचे खनिज टोळीने सामाईक राखले आणि २,२२९ नोंदलेल्या माणसांना त्याच्या उत्पन्नात सारखा हिस्सा मिळाला. पाहस्का गावातल्या एका एल्म झाडाखाली पट्ट्यांचे लिलाव होत. एकेका पट्ट्याची बोली दहा लाख डॉलरच्या पुढे गेली. बोली लावणाऱ्यांत मार्लंडही असे. येथे पैसा उपकार म्हणून येत नव्हता, हक्क म्हणून येत होता. तरी ओसेज सुखी झाले का? सरकारने त्यांना अक्षम ठरवून गोरे पालक नेमले, आणि विसाच्या दशकात त्या हिश्श्यांसाठी त्यांचे खून पडले. तेव्हा हक्क कागदावर आला म्हणजे भागले, असे म्हणण्याचा भाबडेपणा मी करणार नाही. हक्काच्या मागे राज्यसंस्था उभी नसेल तर हक्कच जिवावर उठतो. पण खून झाल्यावर दाद मागायला ओसेजांकडे आधार होता, तो त्या हक्काचाच. दान बंद पडले तर त्याची फिर्याद कुठे करणार? गंमत अशी की मार्लंडचे सर्वांत गाजलेले चरित्र १९५१ साली लिहिले ते जॉन जोसेफ मॅथ्यूज या ओसेज लेखकाने, आणि ते बऱ्याच समजुतीने लिहिले आहे.

फिर्यादीचा हा मुद्दा १९२८ साली पाँका सिटीला अनुभवाने कळला. मार्लंड कमावत होता त्याच वेगाने खर्च करत होता. विस्तारासाठी त्याने न्यूयॉर्कच्या जे. पी. मॉर्गन पेढीचा पैसा घेतला. पैशामागून पेढीची माणसे संचालक मंडळावर आली. त्यांच्या हिशेबात दवाखाना, मैदान, कामगारांची कर्जे हा सगळा फाजील खर्च होता. १९२८ मध्ये मार्लंडला पायउतार व्हावे लागले, बाहेरून नवा अध्यक्ष आला आणि खर्चाला कात्री लागली. १९२९ मध्ये काँटिनेंटल ऑइल ही कंपनी घेतल्यावर मार्लंड ऑइलने तिचेच नाव धारण केले. पुढे ‘कोनोको’ म्हणून जग जिला ओळखू लागले ती हीच. मार्लंडच्या कंपनीचे चिन्ह असलेला लाल त्रिकोण नव्या पाटीवर राहिला, नाव राहिले नाही. बँकर दुष्ट होते असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मार्लंडही पुढे प्रत्येक प्रचारसभेत वॉल स्ट्रीटवर तोंडसुख घेत असे. पण बँकरांनी जे काढून घेतले ते त्यांना काढून घेता आले, कारण ते कोणत्याही कामगाराच्या नावावर लिहिलेले नव्हते. घर, डॉक्टर, दंतवैद्य हे सगळे धन्याच्या मर्जीवर होते आणि धनी बदलला.

दान द्यायचे तर निदान कसे द्यावे, याचा धडा तेव्हा उपलब्ध होता. अँड्र्यू कार्नेगी हा पोलादवाला मजुरांच्या बाबतीत मुळीच साधू नव्हता. पण गावांना ग्रंथालये देताना त्याने एक अट ठेवली होती: इमारतीचा खर्च मी देतो, जागा गावाने द्यावी आणि इमारतीच्या किमतीच्या दहा टक्के रक्कम दरवर्षी गावाने करातून ग्रंथालयासाठी काढावी. पुष्कळ गावे यावर बिथरली, काहींनी देणगी नाकारली. कार्नेगीच्या अटीत एक गोष्ट मात्र पक्की होती. तो मेला, त्याचा धंदा विकला गेला, तरी ग्रंथालयाचे दिवे लागत राहिले, कारण ते गावाच्या अंदाजपत्रकात होते.

आणखी एक उदाहरण तर तेलाच्याच धंद्यातले आहे. सॅम्युएल जोन्स वेल्समध्ये जन्मला, तीन वर्षांचा असताना आईबापांबरोबर अमेरिकेत आला, पेनसिल्व्हेनियाच्या तेलविहिरींवर मजुरी करत शिकला, ओहायोत त्याच्या विहिरीला भरपूर तेल लागले. १८८९ साली त्याची कंपनी स्टँडर्ड ऑइलने घेतली. मग त्याने टोलेडो शहरात विहिरीच्या पंपाचे दांडे बनवण्याचा कारखाना काढला. लोकांनी आपल्याशी जसे वागावे असे वाटते, तसे आपण त्यांच्याशी वागावे, एवढाच नियम त्याने कारखान्याच्या भिंतीवर लावला; म्हणून त्याचे नाव पडले ‘गोल्डन रूल’ जोन्स. १८९७ मध्ये तो टोलेडोचा महापौर झाला. दोन वर्षांनी पक्षाने तिकीट नाकारले तेव्हा अपक्ष उभा राहून त्याने मोठे मताधिक्य मिळवले. १९०४ मध्ये मरेपर्यंत तो पदावर होता. कारखान्याशेजारी त्याने उद्यान केले ते स्वतःच्या पैशाने. पण महापौर झाल्यावर शहराच्या उद्यानांसाठी, बालवाड्यांसाठी, महापालिका कामगारांच्या आठ तासांच्या दिवसासाठी तो महापालिकेतच भांडत राहिला. बाग ही धर्मादाय वस्तू नसून नागरिकाच्या मालकीची वस्तू आहे, हा त्याचा आग्रह होता. जोन्स मार्लंडपेक्षा लहान तेलवाला होता आणि त्याच्या नावाचा राजवाडा कुठे नाही. पण तो गेल्यावर त्याचाच सहकारी ब्रँड व्हिटलॉक निवडून आला आणि काम पुढे चालले. दात्याला वारस मिळत नाहीत, वाटेकरी मिळतात. विचाराला वारस मिळू शकतो.

मार्लंडच्या खासगी आयुष्याकडे इथे पाहणे भाग आहे, कारण त्याने खासगी आणि सार्वजनिक यांत भिंत ठेवली नव्हती. त्याला आणि पहिली पत्नी व्हर्जिनिया हिला मूल नव्हते, म्हणून त्यांनी तिच्या बहिणीची मुले, जॉर्ज आणि लिडी, दत्तक घेतली. १९२६ साली व्हर्जिनिया गेली. १९२८ मध्ये मार्लंडने लिडीचे दत्तकविधान रद्द करून घेतले आणि तिच्याशी लग्न केले. गावात कुजबूज झाली, पण उघड बोलणार कोण? ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. मला त्या लग्नाची नीती तपासायची नाही. एवढेच म्हणायचे आहे की बाप होऊन सांभाळणाऱ्या माणसाला आपली भूमिका हवी तेव्हा बदलता येते, आणि सांभाळले गेलेल्याला तो अधिकार नसतो. हे घरात जसे, तसे गावातही.

आता राजकारण. १९३२ मध्ये मंदीच्या भर उन्हात मार्लंड डेमोक्रॅटिक पक्षातर्फे काँग्रेसवर निवडून गेला. दोनच वर्षांत, रूझवेल्टचा ‘न्यू डील’ ओक्लाहोमात आणतो, अशी घोषणा देत तो गव्हर्नर झाला आणि जानेवारी १९३५ मध्ये त्याने सूत्रे घेतली. राज्याची अवस्था बिकट होती: दुष्काळ, धुळीची वादळे, कापसाचे पडलेले भाव, कामाविना हिंडणारी माणसे. मार्लंडच्या डोक्यात मोठमोठ्या योजना होत्या. राज्यकारभाराची पाहणी करायला त्याने वॉशिंग्टनच्या ब्रुकिंग्ज संस्थेची माणसे आणली. त्यांचा जाडजूड अहवालही आला. आणि मग पैशाचा प्रश्न उभा राहिला. विधिमंडळाने बहुतेक योजना छाटल्या. सभापती लिऑन फिलिप्स हा त्याच्याच पक्षाचा, पण नवे कर आणि नवा खर्च यांचा कडवा विरोधक. पुढे मार्लंडच्या मागून तोच गव्हर्नर झाला.

हा मला या आयुष्यातला सर्वांत बोलका काळ वाटतो. आयुष्यभर ज्याचा हात वर राहिला त्याला पहिल्यांदाच हात पसरून मागावे लागले, तेही दुसऱ्यांसाठी. देताना त्याला कोणाला पटवावे लागले नव्हते. मतदाराच्या खिशातून सर्वांसाठी पैसा काढायचा तर युक्तिवाद लागतो, हिशेब लागतो, विरोधकाचे ऐकावे लागते. मार्लंडला ही कला येत नव्हती, कारण दानशूरपणाने ती कधी शिकवलीच नाही. आणि मतदारांनाही ती सवय नव्हती. तेलाच्या पैशाने वरून आलेली बाग ज्यांनी वर्षानुवर्षे फुकट वापरली, त्यांना बागेची किंमत करात मोजायची सांगितली तर ते बिचकणारच.

मग तेलवाल्याने तेलवाल्यासारखाच मार्ग काढला. राज्याला पैसा हवा, आणि राजधानी ओक्लाहोमा सिटीच्या खाली तेल होते. कॅपिटॉल या विधिमंडळाच्या इमारतीच्या परिसरात, गव्हर्नरच्या बंगल्याच्या आसपास विहिरी खणायला त्याने १९३६ मध्ये परवानगी दिली. शहराच्या नियमांशी वाद झाला तेव्हा लष्करी कायदा पुकारून नॅशनल गार्डचे पहारे बसवले. पुढच्या दशकाच्या सुरुवातीला तर कॅपिटॉलसमोरच्या फुलांच्या वाफ्यातच एक विहीर खणली गेली, तिरकी, थेट इमारतीच्या खाली जाणारी. लोकांनी तिला ‘पिटुनिया नंबर १’ म्हटले. ती १९८६ पर्यंत तेल देत होती. राज्याच्या तिजोरीत रॉयल्टी आली हे खरे. पण लोकांकडून कर घेण्याऐवजी जमिनीकडून घेणे, हा त्याच जुन्या दातृत्वाचा सरकारी अवतार होता. ज्या सरकारला प्रजेच्या कराची गरज नसते, त्याला प्रजेच्या प्रश्नांची उत्तरे देण्याचीही तेवढी निकड नसते. तेलावर चालणाऱ्या कितीतरी देशांनी नंतर हे सिद्ध केले.

असे असताना याच गव्हर्नरच्या हातून एक टिकाऊ काम झाले, आणि ते समजायला तेलाचा जुना अमेरिकी कायदा समजला पाहिजे. जमिनीखाली तेलाचा साठा एक, वर जमीनमालक अनेक. कायदा म्हणे, ज्याच्या विहिरीतून जे वर येईल ते त्याचे, मग ते शेजाऱ्याच्या जमिनीखालून सरकत आलेले का असेना. एका शहाळ्यात चौघांनी नळ्या घालाव्यात तशी ही गत: हळू पिणारा उपाशी राहणार, म्हणून प्रत्येकजण ओढत सुटणार. विहिरीला विहीर लागून खणली जाई, गॅस हवेत जाळला जाई, भूगर्भातला दाब संपून निम्मे तेल खालीच अडकून राही. १९३० मध्ये पूर्व टेक्ससचे प्रचंड क्षेत्र सापडले आणि वर्षभरात तिथला भाव बॅरलला दहा सेंटपर्यंत घसरला.

यावर आधीच्या राज्यकर्त्यांचे उत्तर बंदूक होते. १९३१ च्या ऑगस्टमध्ये ओक्लाहोमाचा गव्हर्नर विल्यम मरे याने सैनिक धाडून विहिरी बंद केल्या. त्याच महिन्यात टेक्ससच्या गव्हर्नरनेही तेच केले. हा रॉस स्टर्लिंग ‘हंबल ऑइल’च्या संस्थापकांपैकी एक, म्हणजे आणखी एक तेलवाला राजकारणी. तेल काढणाऱ्यांना वाटले, जुना कंपनीवाला मोठ्या कंपन्यांसाठी लहानांच्या विहिरी बंद करतो आहे. १९३२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची कृती बेकायदा ठरवली आणि त्याच वर्षी तो पक्षांतर्गत निवडणूकही हरला. स्टर्लिंगचे एक लक्षात घेण्यासारखे आहे. तेलातल्या माणसाला तेलाचे दुखणे कळते, पण उपाय तो लादू लागला की त्याचा जुना धंदाच त्याच्या विरोधात साक्ष देतो.

मार्लंडने दुसरी वाट धरली. शपथ घेण्यापूर्वीच, डिसेंबर १९३४ मध्ये, त्याने तेल-राज्यांच्या प्रतिनिधींना पाँका सिटीतल्या आपल्या घरी बोलावले. त्याला जोरकस करार हवा होता, उत्पादनाचे वाटे ठरवून देणारा. टेक्ससला ते मान्य नव्हते. मार्लंडने माघार घेतली. फेब्रुवारी १९३५ मध्ये डॅलसला जो आंतरराज्य तेल करार झाला, त्यात नासाडी रोखण्याची जबाबदारी प्रत्येक राज्याने आपापल्या कायद्याने घ्यायची, भाव ठरवण्यासाठी कराराचा वापर करायचा नाही, असे ठरले. ऑगस्टमध्ये काँग्रेसने मान्यता दिली. करारातून निघालेल्या आयोगाचा मार्लंड पहिला अध्यक्ष झाला. नैसर्गिक वायूची भर पडून तो आयोग आजही चालू आहे.

त्या कराराबद्दल फार भाबडे होऊ नये. नासाडी थांबली की उत्पादन घटते आणि भाव सावरतो, हे सहीला बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते. त्याचा फायदा मोठ्या कंपन्यांना झाला, ग्राहकाला पेट्रोल महाग पडले, हा आक्षेप तेव्हाही होता आणि त्यात तथ्य आहे. पण या कामाची जात वेगळी आहे. यात मार्लंडने कोणाला काही दिले नाही. स्वतःचे मत अर्धे सोडले, दुसऱ्याचे ऐकले, आपल्या धंद्याच्या हावेला लगाम घालणारी व्यवस्था मान्य केली आणि ती आपल्या नावावाचून चालेल अशी ठेवली. पैशाच्या जोरावर त्याला जे कधी करावे लागले नव्हते, ते निर्धन झाल्यावर करावे लागले. गोल्फचे मैदान द्यायला एक श्रीमंत माणूस पुरतो. नियम करायला तुल्यबळ माणसे समोर लागतात.

यावर एक प्रश्न येईल आणि तो रास्त आहे. नियमाने बाग फुलत नाही, मग दात्याने हात आखडता घ्यावा काय? गावाच्या सभेत ठराव टाकून सतरा फुटी पुतळा कधी उभा राहिला असता? नसता. पहिले पाऊल पुष्कळदा एखाद्या हौशी, हट्टी, श्रीमंत माणसाचेच असते. समितीला स्वप्ने पडत नाहीत. म्हणून दान नको, असे माझे म्हणणे नाही. पण दान ही सुरुवात आहे आणि ती कुठवर सुरुवात राहील याला मुदत हवी. दिलेली वस्तू गावाच्या दप्तरी कधी चढणार, तिच्याबद्दल निर्णय घेणाऱ्या मंडळावर दात्याच्या विरोधात मत देऊ शकणारा माणूस आहे का, आणि उद्या दाता बुडाला तर ती वस्तू कोण चालवणार, हे तीन प्रश्न सत्काराच्या आधी विचारले पाहिजेत. आणि दाता निवडणुकीला उभा राहिला तर दुप्पट जोराने विचारले पाहिजेत; कारण तेव्हा तो दान आणि मत या दोन नाण्यांची अदलाबदल मागत असतो, भले त्याच्या मनात तसे नसो.

मतदारांनी मार्लंडच्या बाबतीत ती अदलाबदल फार काळ मानली नाही. १९३६ आणि १९३८ मध्ये सिनेटसाठी तो हरला, १९४० मध्ये काँग्रेसवर परत जाण्याचा प्रयत्नही फसला. विसाच्या दशकात त्याने पंचावन्न खोल्यांचा जो राजवाडा सुमारे पंचावन्न लाख डॉलर खर्चून बांधला होता, त्यात राहणे त्याला परवडेनासे झाले होते. तो आणि लिडी आवारातल्या लहान घरात राहत. १९४१ मध्ये त्याने राजवाडा कार्मेलाइट धर्मगुरूंना सहासष्ट हजार डॉलरला विकला आणि त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला तो वारला.

राजवाडा पुढे ख्रिस्ती संन्यासिनींच्या एका संस्थेकडे गेला. १९७५ मध्ये तो पुन्हा विकायला निघाला तेव्हा किंमत होती १४ लाख ३५ हजार डॉलर. कोनोकोने निम्मी रक्कम देऊ केली. उरलेल्या निम्म्यासाठी गावाने मतदान घेऊन स्वतःवर विक्रीकर बसवून घेतला. मोलकरणीपासून डॉक्टरपर्यंत ज्याने ज्याने दुकानातून काही विकत घेतले, त्याने त्या घरासाठी पैसे मोजले. विक्रीकर गरिबाला जास्त जाचतो, हे खरे. तरी गव्हर्नर असताना मार्लंडला जे राज्याकडून जमवता आले नाही, ते त्याच्या गावाने त्याच्या मृत्यूनंतर चौतीस वर्षांनी आपणहून केले. आता त्या घराचे तिकीट किती असावे, कोणती खोली उघडी ठेवावी, छप्पर गळले तर कोणाला धारेवर धरावे, हे विचारण्याचा अधिकार गावातल्या कोणालाही आहे. मार्लंड जिवंत आणि उदार असताना तो कोणालाच नव्हता. दोन दशकांनी, १९९६ मध्ये, त्याच गावात स्टँडिंग बेअरचा बावीस फुटी पुतळाही उभा राहिला. गाव स्वतःच्या पैशाचा विचार करू लागले की आपला इतिहास कोणाकोणाचा आहे, याचाही विचार करू लागते, असे मला यातून वाटते. निदान पाँका सिटीत दोन्ही घडले.

धंद्यात अमाप मिळवलेला माणूस गावासाठी झोळी मोकळी करून मते मागायला येतो, तेव्हा त्याने आजवर किती दिले याची यादी वाचली जाते. यादी वाचायला हरकत नाही. पण तिच्या शेवटी त्याला विचारावे की तो स्वतः किती कर भरतो, आमच्याकडून किती घेणार आहे, त्याचा हिशेब कोणाला देणार आहे आणि त्याच्या धंद्याला कोणता नियम लावून घ्यायला तयार आहे. याची उत्तरे ज्याच्यापाशी नाहीत त्याला दानाबद्दल हार घालावा, आभार मानावेत आणि मत दुसऱ्याला द्यावे.